साइक्सचा चंडोल आणि दख्खनच्या माळाचा इतिहास

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळत असताना तेथून पूर्वेला जेमतेम शंभर किलोमीटरवर तोच पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येऊन थांबतो. डोंगराच्या आडोशामुळे कोरड्या राहिलेल्या या प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, कर्जत, माण, खटाव आणि सांगोला हे तालुके त्यात येतात. येथील नदीकाठची जमीन काळी आणि खोल असली, तरी दोन नद्यांमधल्या उंचवट्यांवर मातीचा थर वीतभरही नसतो, खाली लगेच मुरूम किंवा काळा पाषाण लागतो आणि अशा उथळ बरड जमिनीवर कुसळी, पवना, मारवेल यांसारखी गवते, अधूनमधून तरवड, बोर आणि हिवर एवढेच टिकून राहते. याच भूमीला मराठीत माळ किंवा माळरान म्हणतात. किल्ले, घाट, नद्या आणि पेठा यांचे इतिहास मराठीत विपुल लिहिले गेले. माळ मात्र लढाईला जाताना ओलांडायची जागा किंवा दुष्काळाच्या वर्णनातली पार्श्वभूमी एवढ्यापुरताच इतिहासात आला, आणि ही उणीव वाटते त्याहून महागात पडली आहे.

या माळावर एक लहानसा गाणारा पक्षी राहतो. चिमणीएवढ्या आकाराचा, तांबूस-मातकट रंगाचा, डोक्यावर टोकदार तुरा असलेला आणि छातीवर मोजक्याच बारीक काळसर रेघा असलेला हा चंडोल भारतीय द्वीपकल्पाबाहेर कोठेही आढळत नाही. पक्षिशास्त्रात त्याचे नाव ‘गॅलेरिडा देवा’ असून अभ्यासक त्याला साइक्सचा चंडोल म्हणतात. त्याच्यासारखाच दिसणारा मलबारी चंडोल अधिक पावसाच्या, पश्चिमेकडच्या भागात राहतो आणि त्याच्या छातीवरील रेघा जाड व दाट असतात. साइक्सचा चंडोल कोरड्या, खडकाळ, आखूड गवताच्या उघड्या जमिनीवरच रमतो. तो झुडपात लपत नाही, कारण लपण्याजोगी झुडपे तेथे फारशी नसतातच. धोक्याची चाहूल लागली की तो ढेकळाला लागून दबून बसतो, आणि मातीचा व त्याचा रंग इतका एकरूप होतो की पाच-सहा पावलांवर असूनही तो नजरेस पडत नाही. पाऊल आणखी पुढे पडले की दोन-चार हात तुरुतुरु धावून पुन्हा तसाच थिजतो. मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस विणीचा हंगाम आला की हाच संकोची पक्षी उंच हवेत चढून बराच वेळ गात राहतो आणि आपल्या गाण्यात माळावरच्या इतर पक्ष्यांच्या हाका हुबेहूब गुंफतो. जमिनीवर न दिसणारा आणि आकाशात लपून न राहणारा असा हा जीव आहे.

ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी होता. १७९० मध्ये जन्मलेला हा माणूस कोवळ्या वयात फौजेत दाखल झाला आणि १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या ज्या लढाईने पेशवाईचा शेवट जवळ आणला, तीत तो कंपनीच्या बाजूने लढला. १८१८ मध्ये दख्खन कंपनीच्या ताब्यात आल्यावर नव्या राज्यकर्त्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हा की आपण नेमके जिंकले काय. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ मध्ये साइक्सला सांख्यिकी वृत्तांतकार नेमले, म्हणजे प्रदेशातील लोकसंख्या, जमीन, पिके, कर, हवामान आणि व्यापार यांची मोजदाद करणारा अधिकारी. १८३१ पर्यंत साइक्स पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांत तंबू घेऊन हिंडला. गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडून त्याने जमिनीचे हिशेब मिळवले, वायुभारमापकाच्या नोंदी ठेवल्या आणि वाटेत दिसणारे पशू, पक्षी व मासे टिपले.

इंग्लंडला परतल्यावर त्याने १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनमधील पक्ष्यांची यादी मांडली. शास्त्राला तोवर अपरिचित असलेले अनेक पक्षी या यादीतून प्रथमच नोंदले गेले. आज गावाच्या कुंपणावर, बांधावर आणि तळ्याकाठी रोज दिसणारी राखी वटवटी, साधी वटवटी आणि ढोकरी हे पक्षीसुद्धा त्यांत आहेत, हे वाचून आश्चर्य वाटते. माळावर गोंगाट करीत हिंडणाऱ्या मोठ्या राखी सातभाईला त्याने आपला वरिष्ठ, गव्हर्नर जॉन माल्कम, याचे नाव दिले. आणि तुरेवाला लहान चंडोल ‘अलाउडा देवा’ या नावाने याच यादीत आला. पुढे त्याचे वंशनाम बदलले, ‘देवा’ मात्र कायम राहिले.

याच साइक्सने दख्खनच्या जमिनीविषयीही लिहिले, आणि माळाच्या इतिहासात ही गोष्ट त्या पक्षियादीहून कमी महत्त्वाची नाही. १८३० च्या दशकात दख्खनमधील जमीनधारणेवरचे त्याचे लेखन आणि चार जिल्ह्यांच्या आकडेवारीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या काळच्या दफ्तरांत जमिनीची वर्गवारी तिच्याशी असलेल्या माणसाच्या नात्यावरून होत असे: वंशपरंपरागत हक्काची ती मिरास, कराराने कसायला दिलेली ती उपरी आणि मूळ कुळ परागंदा झाले किंवा नष्ट झाले तर मागे राहिलेली ती गतकुळी. १८०२ नंतरच्या होळकरी धामधुमीत आणि पाठोपाठ आलेल्या १८०४ पर्यंतच्या दुष्काळात दख्खनमधील कित्येक गावे ओस पडली होती, त्यामुळे कंपनीच्या हाती आलेल्या हिशेबांत गतकुळी आणि पडीक जमिनीचे प्रमाण मोठे होते. नव्या सरकारला त्यात बुडालेला महसूल दिसला. एकाच माणसाच्या, एकाच मुलखातल्या दौऱ्यांतून माळाच्या अशा दोन नोंदी तयार झाल्या. एका नोंदीत तो चंडोल, सातभाई आणि माळलाव्यांचे घर होता, दुसरीत तो उत्पन्न न देणारी जमीन होता. पहिली नोंद लंडनच्या संग्रहालयात गेली आणि पक्षितज्ज्ञांपुरती उरली. दुसरी कचेरीत राहिली आणि पुढची दोनशे वर्षे माळाचे काय करायचे हे तिनेच ठरवले.

कंपनीच्या आधीही पडीक जमीन लागवडीखाली आणण्याचे प्रयत्न होत असत, हे येथे सांगायलाच हवे. मराठी राज्यात अशा जमिनीसाठी कौल दिला जाई, म्हणजे सवलतीचे लेखी आश्वासन. आणि पहिल्या वर्षी नाममात्र धारा घेऊन तो दरवर्षी थोडाथोडा वाढवत पूर्ण दरावर आणण्याच्या पद्धतीला इस्तावा म्हणत. फरक असा की ही व्यवस्था माघारीलाही वाव ठेवत होती. पाऊस चांगला झाला की नांगर माळाच्या कडेवर चढे, दुष्काळ किंवा लढाई आली की तो खाली उतरे आणि सोडलेल्या शेतात पुन्हा गवत येई. माळाची सीमा अशी शतकानुशतके मागेपुढे सरकत राहिली. चंडोलाला ही ये-जा मानवणारी होती, कारण विरळ गवताचे पडीक रान त्याला माळाइतकेच चालते.

ही सीमा कायमची आखण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंदापूर तालुक्यात झाला. १८२० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोच्या सिद्धान्ताला अनुसरून प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न, म्हणजे खर्च वजा जाता उरणारे उत्पन्न, काढायचे आणि त्याचा ५५ टक्के भाग सारा म्हणून घ्यायचा, असे ठरवले. कागदावर नीटनेटका दिसणारा हा हिशेब जमिनीवर कोसळला. सारा झेपेना म्हणून शेतकऱ्यांनी गावे सोडली आणि इंदापूरच्या शिवारात पडीक आणखी वाढले. त्यानंतर १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी तेथेच नव्याने पाहणी केली. त्यांनी मातीचा रंग व पोत आणि थराची खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती ठरवल्या, दर खाली आणले आणि ते तीस वर्षांसाठी बांधून दिले. ही रीत पुढे मुंबई इलाखाभर लागू झाली, आणि आजच्या सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर हा तिचाच वारसा आहे. इंदापुरात लागवड झपाट्याने वाढली. रयतेला दिलासा मिळाला यात शंका नाही, आणि प्रिंगलच्या हिशेबाने पोळलेल्या शेतकऱ्याला तो मिळायलाच हवा होता. परंतु खोलीप्रमाणे प्रत लावणाऱ्या त्या कोष्टकात उथळ बरड जमीन कायमची तळाला गेली. तिच्यावर गवत किती येते, किती जनावरे चरतात, हे मोजायचा रकानाच त्यात नव्हता. गावाच्या गुरांसाठी काही जमीन गायरान म्हणून राखली गेली तेवढीच.

माळ म्हणजे माणसाने तोडलेल्या जंगलाचे उरलेले उजाड रूप, अशी समजूत वनखात्याच्या विचारात दीर्घकाळ घर करून होती आणि अजूनही ती पुरती गेलेली नाही. पुरावा मात्र वेगळे सांगतो. घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली. तेथे गुरे आणि शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांबरोबर काळविटाची हाडेही मिळाली, आणि काळवीट हा दाट जंगलातला प्राणी नव्हे. वसाहतीच्या शेवटच्या काळात हवामान अधिक कोरडे झाले आणि लोक शेतीकडून पशुपालनाकडे झुकले, असा निष्कर्ष म. के. ढवळीकर यांनी मांडला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी हिंडून गारगोटीच्या सूक्ष्म हत्यारांचा माग काढला आणि पशुपालकांच्या जुन्या वाटा व देवस्थाने त्या मागाशी जोडून दाखवली. गुंथर सोंथायमर या जर्मन संशोधकाने खंडोबा, म्हस्कोबा आणि बिरोबा या देवांच्या कथा धनगरांच्या तोंडून ऐकून अभ्यासल्या; त्या कथांतला देव रानात, वारुळात, मेंढ्यांच्या वाड्याशेजारी प्रकटतो आणि मागाहून गावात येतो. गावोगावी वेशीपाशी दिसणाऱ्या वीरगळांवर, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांवर, अनेकदा गाईंचे कळप कोरलेले असतात, कारण हा वीर गोधन वाचवताना पडलेला असतो. चरणारी जनावरे हेच जेथे धन होते, तेथे गवताची भूमी आधीपासून असलीच पाहिजे. अलीकडे अभ्यासकांनी जुने मराठी वाङ्मय आणि लोककथा या दृष्टीने चाळून त्यांतल्या वनस्पतींचे उल्लेख वेगळे काढले, तेव्हा त्यांत हिवरासारख्या उघड्या माळावरच्या झाडांची नावे ठळकपणे पुढे आली. तेराव्या शतकातील मराठी माणूस ज्या वाटेने चालला, ती वाटही पुष्कळशी माळावरूनच जात होती.

मराठ्यांच्या घोडदळामागेही हेच गवत उभे होते, ही बाब युद्धाच्या इतिहासात जेवढी यायला हवी तेवढी येत नाही. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांची ख्याती होती ती उंचीसाठी नव्हे. कोरड्या मुलखात, मिळेल त्या चाऱ्यावर मैलोन्‌मैल चालण्याच्या चिवटपणासाठी. सरकारी घोड्यांकरिता राखलेल्या गवताळ जमिनीला कुरण म्हणत. तेथे पावसाळ्यात चराई बंद असे आणि पावसाळा संपला की गवत कापून त्याच्या गंजी रचल्या जात. फौजा पावसाळाभर छावणीत राहून दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, याला नद्यांचा उतार हे एक कारण होते, तसेच त्या सुमारास गवत पिकून वाटेत चाऱ्याची सोय होते हेही होते. कुरण, गायरान आणि मोकळा माळ अशी ही तिहेरी व्यवस्था होती. एकीकडे राखलेले उंच गवत, दुसरीकडे गावाच्या गुरांनी आखूड ठेवलेले, तिसरीकडे धनगरांच्या मेंढ्या येतील तेव्हाच चरले जाणारे. गवताच्या प्रत्येक उंचीवर वेगळा पक्षी राहतो. उंच गवतात तणमोर आणि वटवट्या, तर आखूड गवतात व मुरुमावर चंडोल आणि धाविक.

धनगराचे वर्ष आणि चंडोलाचे वर्ष यांचा मेळ पाहण्यासारखा आहे. दिवाळीनंतर माळावरचे गवत वाळू लागले आणि पाणवठे आटू लागले की मेंढरांचे कळप घाट उतरून कोकणाकडे जातात. तेथे भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवून लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पाऊस तोंडावर आला की पुन्हा वर येतात. कोरड्या महिन्यांत माळाला अशी विश्रांती मिळते. कळप परतण्याच्या सुमारास, उन्हाळ्याच्या अखेरीस, चंडोलाची वीण सुरू होऊन ती पावसाळ्यातही चालते. मादी गवताच्या बुडख्याशी किंवा ढेकळाच्या आडोशाला उथळ खळग्यात काड्यांची वाटी करून बहुधा दोन-तीन अंडी घालते. ठिपक्याठिपक्यांची ती अंडी भोवतालच्या खड्यांत अशी मिसळून जातात की घरट्यावरून मेंढरू गेले तरी मेंढपाळाला पत्ता लागू नये. मेंढ्या गवत आखूड ठेवतात, त्यांच्या लेंड्यांवर किडे जमतात आणि पिल्लांना चारायला पक्ष्याला तेच हवे असतात.

माणसाने या पक्ष्याचे गाणे ऐकून त्याला पकडलेही. चंडोलांना पिंजऱ्यात ठेवण्याचा शौक भारतभर जुना होता. पिंजऱ्यावर कापडाचा गिलाफ चढवत, कारण अंधारात पक्षी अधिक गातो असा समज होता, आणि नकला करण्याच्या त्याच्या अंगच्या गुणाला बाजारात किंमत येई. फासे लावून पक्षी धरण्यात फासेपारध्यांचा हातखंडा होता, आणि माळावरच्या कोणत्या पक्ष्याचे घरटे कधी, कोठे असते याचे त्यांच्याइतके बारकाईचे ज्ञान क्वचितच कोणाकडे असेल. एकोणिसाव्या शतकातला दुसरा मोठा पक्षितज्ज्ञ थॉमस जर्डन हा घोडदळाचा डॉक्टर म्हणून काही काळ जालन्याच्या छावणीत होता. भारतीय पक्ष्यांवरचा त्याचा ग्रंथ १८६२ ते १८६४ या वर्षांत प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांतील माहितीचा मोठा भाग स्थानिक पारध्यांकडून आलेला असे. ग्रंथांत त्यांची नावे नाहीत. उलट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अशा भटक्या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सुरुवात झाली आणि तो शिक्का कायद्याच्या कागदावरून पुसायला १९५२ उजाडले. माळाला पडीक ठरवणारी दृष्टी माळावरच्या माणसांकडेही तशीच पाहत होती, आणि या इतिहासातला हा सर्वांत वेदनादायक भाग आहे.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकार पाण्याकडे वळले. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात पाटाचे पाणी पोहोचले. दुष्काळात ज्वारी तगवावी या हेतूने आलेले हे पाणी पुढे उसाकडे वळले, साखर कारखाने उभे राहिले, १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण झाले आणि जिथवर पाट किंवा उपसा पोहोचला तिथवर माळ फोडला गेला. १९७२ च्या दुष्काळाने आणखी एक वळण आणले. रोजगार हमीच्या आणि अवर्षणप्रवण क्षेत्र विकासाच्या कामांत माळावर चर खणणे व झाडे लावणे हे हुकमी काम ठरले आणि गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे गवतावर रांगेने उभी राहिली. हजारो उपाशी हातांना या कामाने भाकरी दिली, हे विसरता येत नाही. पण वृक्षारोपणासाठी जागा निवडताना प्रत्येक वेळी गवताचा माळच रिकामा समजला गेला. २००० पासून केंद्र सरकार प्रसिद्ध करीत असलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही विरळ झुडपांची व गवताची जमीन पडीकच आहे. साइक्सच्या काळी कचेरीत रुजलेला रकाना उपग्रहाच्या चित्रांवर जसाच्या तसा उतरला.

संरक्षण आले ते मोठ्या प्राण्यांच्या पाठीवर बसून. माळढोकासाठी सोलापूर-अहमदनगर भागात १९७९ मध्ये अभयारण्य झाले, काळविटांसाठी कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये आणि चिंकारांसाठी बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर येथे १९९७ मध्ये. मयूरेश्वरचे क्षेत्र सुमारे ५ चौरस किलोमीटर, रेहेकुरीचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. साइक्सचा चंडोल मयूरेश्वरच्या माळावर हमखास दिसतो, पण त्याच्यासाठी म्हणून राखलेली एक गुंठाही जमीन कोठे नाही. जागतिक सूचीत तो धोक्यातला पक्षी मानला जात नाही, आणि ते आजच्या घडीला खरेही आहे. तरी देशभरातील पक्षिनिरीक्षणांवर आधारलेल्या २०२३ च्या अहवालानुसार गवताळ व उघड्या अधिवासांत राहणाऱ्या पक्ष्यांची घट विशेष लक्षणीय आहे, आणि त्या अधिवासाचा फार मोठा भाग अभयारण्यांबाहेर, गायरानात, वनखात्याच्या तुकड्यांत आणि शेतकऱ्यांच्या पडीक वावरांत विखुरलेला आहे. चराईबंदीने गवत दाट आणि उंच झाले की आखूड गवताचा हा पक्षी बाहेरच्या चरलेल्या माळावर सरकतो. तेथे मेंढरे असतात, मुरमाच्या खाणी असतात आणि अलीकडे सौर पॅनेलच्या रांगाही येऊ लागल्या आहेत. गायरानाची नोंद तलाठ्याच्या दफ्तरात असते आणि ती बदलण्याचा अधिकार महसूल खात्याकडे असतो, त्यामुळे या चंडोलाचे पुढचे घर कोठे असेल हे आजही पक्षितज्ज्ञ नव्हे, तर जिल्हाधिकारी कचेरी ठरवते.